लाल फुली

मध्यंतरी माझा गेमिंग कॉम्प्युटर सारखा हँग व्हायचा. ऐन मॅचमध्ये स्क्रीन गोठायची आणि मी मरायचो. रॅम दुप्पट केली, तरी मेमरी भरलेलीच. शेवटी हडपसरहून मित्राला, समीरला, कोथरूडला बोलावून घेतलं. त्यानं पाहिलं, तर ब्राउझरच्या त्र्याण्णव खिडक्या उघड्या. सगळ्या आईच्या, लोणच्यांच्या आणि भजनांच्या. दुपारी कॉम्प्युटर तिच्या ताब्यात असतो.

"काकू, पाहून झालं की हे बंद का नाही करत?"

"करते की. ती छोटी रेघ दाबली की जातं."

"जात नाही, नुसतं लपतं. शेजारची लाल फुली दाबायची."

आईनं एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. चष्मा सारखा करत ती म्हणाली, "काही चुकलेलं नसताना लाल फुली कशी मारणार?"

समीर त्र्याण्णव फुल्या मारत बसला. कॉम्प्युटर सुसाट पळायला लागला.

दुसऱ्या दिवशी गेम छोट्या खिडकीत ठेवून मी चहा गाळायला उठलो. परत आलो तर गेम गायब, आणि आई खुर्चीत बसून भजन ऐकतेय.

"आई, माझा गेम कुठे गेला?"

"फुली मारली," ती म्हणाली. "ते चूकच होतं."