गुणाचा हात

(सोनईच्या शिवारात, टोमॅटोच्या रानाच्या बांधावर. मुक्ताबाई आणि विद्यापीठात शिकणारी तिची भाची ज्ञानेश्वरी.)

मुक्ताबाई : ‘पानाच्या बगलंतली फूट इळ्यानं कापू नगं, नखानंच खुड,’ सासूबाई म्हनायच्या. तीस वर्सं नखानंच खुडतीय. आन तू म्हंतीस, ह्या टोमॅटोवर रोग माज्या नखातनं गेला?

ज्ञानेश्वरी : हो आत्या. रविवारी पानं नेली ना मी, त्यांचा रस चाचणीत पिवळा झाला, म्हणजे रोग आहेच. तुझ्या चंचीतली चिमूटभर तंबाखू नेली होती, तीही पिवळी.

मुक्ताबाई : तरीच म्हनलं, चंची हलकी कशी झाली!

ज्ञानेश्वरी : हसू नकोस गं. तंबाखूचाच विषाणू आहे तो. पान वाळलं तरी वर्षानुवर्षं टिकतो. तू तंबाखू मळतेस, आणि त्याच बोटांनी फूट मोडतेस.

मुक्ताबाई : मग फवार की कायतरी. किडा-मुंगीच ना?

ज्ञानेश्वरी : किडा कुठला! वर प्रथिनाचं कवच, आत आरएनएचा एक धागा. खात नाही, श्वास घेत नाही. पानाच्या पेशीत शिरला, की पेशी आपलं काम सोडून त्याच्याच नकला काढत बसते.

मुक्ताबाई : अंगात आल्यागत.

ज्ञानेश्वरी : तसंच. फक्त हे उतरत नाही. औषध नाही, आत्या. एवढं शिकून मला काही करता येत नाही.

मुक्ताबाई : देवाला शिवायच्या आदी रोज हात धुती मी. रोपाला शिवताना कधी मनातच न्हाई आलं बघ.

ज्ञानेश्वरी : अजून कुणाकडे खुडलंस?

मुक्ताबाई : गोजरबाईकडं. परवा, तिच्या टोमॅटोचं निम्मं रान. लई हिरवंगार हाय गं तिचं.

ज्ञानेश्वरी : आठ-दहा दिवस दिसेल हिरवं. तू हात लावलेली रोपं लगेच उपटली, तर बाकीची वाचतील. कदाचित.

मुक्ताबाई : उद्या बायका बोलावल्यात तिनं, रोपं सुतळीनं बांधाय. या वळीतनं त्या वळीत हात जानार.

ज्ञानेश्वरी : फोन करूया?

मुक्ताबाई : साऱ्या गावात सोसायटीच्या कचेरीत एकच हाय, त्योबी बंद. आन फोनवर काय सांगू? निम्मं रान उपट म्हनून? साऱ्या शिवारात माजा हात गुनाचा म्हनून बोलावत्यात मला.

ज्ञानेश्वरी : मी येते. मी नीट समजावते तिला.

मुक्ताबाई : नगं. रोपाला कायबी झालं तर पैलं माज्या तोंडनं कळंल, असं बोलून बसलीय मी तिला. वळीबी मलाच दावाव्या लागतील. तू हितंच थांब, ज्ञाने. परक्यापुढं रडाय लाजंल ती. येते मी.