खडकातलं बिऱ्हाड

अमेरिकेतल्या एडिसन गावात, फिशटँकच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे साठीपुढचं एक जोडपं उभं होतं. काकांच्या हातातल्या बादलीत समुद्रातला एक खडक होता.

“हा दगड कशाला आणलात? मासे प्रीतानं घालवले. आपण पुण्याला असताना घराची किल्ली तिच्याकडेच होती.”

“पद्मजा, शेजारीण मासे कशाला चोरेल?”

“मग उपाशी मारले असतील. सातातले सहा! रोज बागेचे फोटो पाठवायची, टँकचा एकही नाही.”

“अगं, उरलेला सातवा काल माझ्यासमोर गेला. खडकातून हातभर किडा उसळला, माशाला जबड्यात धरलं आणि आत ओढलं. या खडकातच बीळ आहे त्याचं.”

“हा खडक आणला कुणी?”

“मीच. निघायच्या आदल्या दिवशी, सेलमध्ये. किडा त्यातूनच घरात आला, म्हणून काल बोललो नाही.”

“अहो, मी सकाळी किल्ली परत मागितली तिच्याकडे.”

“काय म्हणाली?”

“किल्ली दिली, आणि तासाभरानं सहा नवे मासे आणून दिले. मला वाटलं, कबुलीच दिली.”

“आणि तू?”

“ठेवून घेतले. थँक यूसुद्धा म्हटलं नाही.”