सगळे मावतील असा कॅमेरा

...नखाएवढा! अतिशयोक्ती करत नाही, करंगळीच्या नखाएवढा, त्याहून लहानच, आणि तो आतला तुकडा लहान म्हणून माझी चार वर्षं गेली, प्रॉव्हिडंट फंडातली उचल गेली, सख्खे भाऊ... थांबा, भावांचं नंतर. आधी सेन्सरचं. तुम्हाला सांगतो, डिजिटल कॅमेरा घ्यायला गेलात की दुकानदार मेगापिक्सेल सांगतो, बायको रंग बघते, पोरं झूम विचारतात, सेन्सरबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. तो आत असतो ना, रोलच्या जागी! रोल होता तेव्हा बरं होतं, गरिबाचा काय नि श्रीमंताचा काय, माप एकच. आता प्रत्येक कॅमेऱ्याचं माप वेगळं, आणि हे मला कोणी सांगावं, तर आमच्या ऑफिसातल्या सुमेधने. विरारला राहतो, इंटरनेटवर कॅमेऱ्यांबद्दल वाचत बसतो आणि स्वतःकडे एकही कॅमेरा नाही. माझा फोटो त्याने हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, डॉक्टर एक्स-रे बघतो तसा, आणि अख्ख्या ऑफिससमोर म्हणतो, "व्हिन्सेंटभाऊ, तुमचा सेन्सरच लहान आहे." टायपिंग करणाऱ्या हंसाबेन हात थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या हो.

फोटो कसला, तर आमच्या आयचा. आय म्हणजे माझी आई, ऐंशी पार केलेली. वसईत आमची केळीची वाडी, वाडीत जुनं घर, त्यात आम्ही चार भाऊ: थोरला जेम्स, मग मी, मग पॉल, तो दोह्याला असतो, आणि शेंडेफळ एरॉल. आयची एकच इच्छा. चार मुलगे, चार सुना, नातवंडं आणि मधोमध ती, असा एक फोटो. बाबा गेले तेव्हा तसा फोटो निघालाच नव्हता, कारण चौघांतला एक ना एक कायम आखातात. "मी जायच्या आधी काढ रे एक," म्हणायची. म्हातारीने मागून मागून मागितलं काय? सोनं नाही, यात्रा नाही, फोटो! आणि तो मला जमला नाही. चार वर्षं जमला नाही.

पहिला कॅमेरा पॉलने आणलेला, दोन हजार तीनच्या नाताळात, खिशात मावणारा. चर्चमध्ये मिस्सा आटोपून सगळे अंगणात उभे, मला धरून अठरा माणसं, आय फुलांच्या लुगड्यात खुर्चीवर, आणि मी मागे सरकतोय, सरकतोय, पाठ विहिरीच्या कठड्याला टेकली तरी डावीकडचा एरॉल आला की उजवीकडचा पॉल जातो! शेवटी काढला एकदाचा. छापून आणला तर संध्याकाळचा उजेड कमी पडलेला, सगळ्यांच्या तोंडावर रवा पसरल्यासारखे दाणे, आणि पॉल अर्धा. एक कान, एक खांदा. पॉल म्हणतो, "कॅमेरा मी आणला आणि मलाच कापलास?" मुद्दाम केलं म्हणाला! त्याच्या बायकोने तर दोन दिवस आमच्याकडे चहा घेतला नाही. आणि आयने फोटो उशीखाली ठेवला, म्हणाली, "चांगला आहे, पण पुढच्या वर्षी पॉल आख्खा येईल असा काढ."

तर मग सुमेधचं ते निदान. सेन्सर लहान! मोठा घ्या! मी दीड वर्ष पैसे साठवले आणि मोठा घेतला, चांगला बदलत्या लेन्सचा, पावाच्या लादीएवढा. सुमेध म्हणाला, "सोबतची लेन्स घेऊ नका, प्लास्टिक असते, तुमच्याकडे रोलवाल्या कॅमेऱ्याची जुनी आहे ना, अठ्ठावीसची, ती लावा, सगळं मावतं तिच्यात." लावली. डोळा लावून बघतो तर विहिरीपासून पुन्हा तेच, चौदा माणसं मावतील एवढीच जागा! ऑफिसात येऊन विचारलं, तर हा शांतपणे म्हणतो, "तुमचा सेन्सर रोलच्या मापाचा कुठे आहे? मधल्या मापाचा आहे. त्यावर अठ्ठावीसची लेन्स पंचेचाळीससारखी वागते. कडा कापल्या जातात." अरे, मग आधी बोलायला काय झालं होतं? एक किलो मटण तोलून घ्यावं आणि घरी सहाशे ग्रॅम निघावं, असला हा धंदा! "व्हिन्सेंटभाऊ, तुमचा सेन्सर अजून लहानच आहे," म्हणाला, "तोवर थोडे मागे जा."

मागे जा! त्याला बोलायला काय जातंय विरारात बसून? आमच्याकडे त्याच वर्षी माणिकपूरचा एक बिल्डर येऊन गेला होता. जेम्सला वाडी विकायची, पॉलला ठेवायची, एरॉल ज्याच्याकडे जेवायला असेल त्याच्या बाजूने, आणि मी मधे. जेम्सने काय केलं, स्वतःच्या अंदाजाने स्वतःचा हिस्सा ठरवला आणि विहिरीच्या पलीकडून काटेरी तार ठोकून मोकळा झाला. आता कळलं? सेन्सर लहान, म्हणून मागे जायचं, आणि मागे जायचं तर जेम्सच्या हद्दीत! दोन हजार पाचचा नाताळ. सगळे उभे, जेम्ससुद्धा उभा, आयच्या खांद्यावर हात ठेवून, बायकामुलांसकट. मी कॅमेरा गळ्यात घालून हळूच एक पाय तारेपलीकडे टाकला, आणि फोटोतनंच आवाज आला, "व्हिन्सेंट, पाय मागे घे." मी म्हटलं, अरे दादा, दोन पावलं, फोटोपुरती. "आज फोटोपुरती, उद्या शेडपुरती," म्हणाला, आणि बायकामुलांना घेऊन चालू पडला. म्हटलं, उरलेल्यांचा तरी काढू. आय खुर्चीवरून उठली. "सगळे येतील तेव्हा काढ." आत गेली आणि तिने दार लोटलं. फार लागलं हो मला ते.

मग ईर्ष्येनेच फुल फ्रेम घेतला. रोलच्या मापाचा सेन्सर, वापरलेला, फंडातून उचल काढून, का तर माझ्या हद्दीत उभं राहून, कोणाच्या बापाच्या जागेत पाय न टाकता सगळे मावावेत म्हणून. बेटी, माझी बायको, म्हणाली, "एवढ्यात ओटा झाला असता की हो." मी ऐकतोय? दोन हजार सहाचा नाताळ, विहिरीपासून डोळा लावला, आणि तुम्हाला सांगतो, काय मावत होतं! घर मावलं, नारळ मावले, वर गोठा मावला. आणि माणसं? पॉलला रजा नाही. जेम्स येणारच नव्हता. एरॉल त्या महिन्यात जेम्सकडे जेवत होता. अंगणभर रिकामी जागा आणि मधोमध खुर्चीवर आय, बाजूला बेटी आणि आमची दोन पोरं. बटण दाबवेना मला.

पुढे ऐका. मे महिन्यात जेम्सने सरकारी मोजणी आणली. नोटीस आली, सर्व हिस्सेदारांनी जातीने हजर राहावे. आणि काय सांगू, हजर! नाताळला रजा न मिळालेला पॉल विमानाने हजर! बायका आल्या, पोरं आली, आपली माणसं कमी दिसायला नकोत म्हणून कॉलेजला गेलेल्यांनाही बोलावून घेतलं. आणि आय? सगळे आलेले बघितले आणि फुलांचं लुगडं नेसून, खुर्ची घेऊन अंगणात मधोमध येऊन बसली. तिला वाटलं, फोटो आहे. मोजणीवाला म्हणतो, "आजी, खुर्ची जरा सरकवा, खूण करायचीय." ती त्यालाच म्हणाली, "तूही ये."

तारेच्या वादासाठी मी धरलेल्या वकीलबाईंनी मला कुंपणाचे फोटो काढून ठेवायला सांगितलं होतं. मी पायरीवर चढलो, भिंतीला पाठ लावली, माझ्या हद्दीत, डोळा लावला, आणि सगळे आत. अठराचे सतरा, मी सोडून. एकाचाही डोळा मिटलेला नाही, मिटेल कसा, सगळ्यांचे डोळे मोजणीच्या टेपवर! दाबलं. एवढा स्वच्छ फोटो मी जन्मात काढलेला नाही. वकीलबाई विनिता मॅडम तर खूश झाल्या. "कुंपण अगदी स्पष्ट आलंय. फक्त माणसं कापा. कोर्टाला माणसं नकोत." सुमेधने ऑफिसात कॉम्प्युटरवर कापून दिला. डावीकडून पॉल गेला, उजवीकडून एरॉल, जेम्स, मग आय, राहिली तार आणि दोन खांब. आणि हा चष्मा वर करून म्हणतो कसा, "व्हिन्सेंटभाऊ, एवढंच हवं होतं तर लहान सेन्सर पुरला असता." मारणार होतो मी त्याला. हंसाबेन मधे पडल्या.

न कापलेला मी मोठा करून आयला दिला. तिने बोट ठेवून एकेकाला मोजलं, दोनदा. तोंडावर काय आनंद, विचारू नका. मग आमच्या बोलीत विचारलं, तुम्हाला कळेल असं सांगतो: "हा मधला टोपीवाला कोण?"

मी म्हटलं, "मोजणीवाला, आय."

"भला माणूस दिसतो. सगळ्यांत तो एकटाच हसतोय." आणि मग म्हणाली, "त्याला नाताळला बोलव. तो आला की सगळे येतात. तूही राहिलास ना फोटोत यायचा."

मग काय! वसईच्या मोजणी कार्यालयात जाऊन फेरमोजणीचा अर्ज टाकला. कारण लिहावं लागतं, लिहिलं, मागील मोजणी मान्य नाही. तातडीची फी भरली तरी नाताळ हुकला, तारीख मिळाली मार्चातली. असू दे, ईस्टर यंदा मार्चातच आहे. बेटी कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, तिन्ही भाऊ तुम्हाला शिव्या घालतील."

म्हटलं, घालू देत. शिव्या घालायला तरी येतील ना?