बेरियमवर सोडलेला रोजा

हट्टीपणात आमच्या करीमचाचांचा हात कुणी धरला नसता. निजामाच्या राज्यात मी औरंगाबादच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचो. चाचा हिमरूच्या शाली विणायचे आन् पोटदुखीनं बेजार होते.

डॉक्टर म्हणाले, “आजारात रोजा माफ असतो. हे बेरियमचं पांढरं पाणी प्या, म्हणजे फोटोत पोटातली जखम दिसेल.”

“आधी जखम दाखवा, मग रोजा सोडतो.”

“ते प्यायल्याशिवाय जखम दिसतच नाही!”

“मग दिवस बुडाल्यावर, मगरिबला येतो.”

“या. पण खजूरही खायचा नाही. पोट रिकामंच हवं.”

अजान झाली आन् चाचांनी त्या खडूच्या पाण्यावरच रोजा सोडला. फोटोत जखम लख्ख दिसली.

“उद्यापासून रोजे बंद!” डॉक्टर म्हणाले.

“बंद. पण हा फोटो मला द्या, डाक्टरसाब. घरवाली बेगमबी म्हणंल, आधी जखम दाखवा!”