विभूतीची बोटं

लातूरच्या स्टँडवर उदगीरच्या बसची रांग लागली होती. यंदाही मृग कोरडाच गेला होता. रांगेत गुणाबाईच्या पुढं तिच्याच गावची बसम्मा उभी होती, आणि बसम्माचा नवरा मन्मथ नुकताच शिक्षण खात्याच्या कचेरीतून परतला होता.

“काय म्हणले सायब?”

“रुद्राणीचा दहावीच्या गणिताचा निकाल राखून ठेवलाय. कामून, ते इथं कुणालाच ठावं न्हाई. जिल्हा नवा हाय, औरंगाबादला इचारावं लागंल म्हणले.”

“आपली पोरगी कॉपी करणारी न्हाई हो!”

“हेच सांगून घसा कोरडा पडला. एक कारकून म्हणला, पेपरावर खूण दिसली की आडवून ठेवतेत.”

“कसली खूण?”

“तपासणाऱ्यानं वळखावं म्हणून लोक कायबी करतेत. आपली पोर कशाला करंल?”

बसम्माचा हात कपाळावरच्या विभूतीच्या तीन पट्ट्यांकडं गेला.

“काय झालं गं?”

“लिहायच्या आधी पानावर विभूतीची बोटं ओढ, म्हणलं होतं मी तिला.”

“समद्या पेपरांवर?”

“न्हाई. तिला भ्याव गणिताचंच होतं.”

बस लागली. रांग पुढं सरकली, पण ती दोघं हलली नाहीत. गुणाबाईही त्यांच्या मागंच थांबली.

“आवो, आपला अर्ज ठेवून घेतला का त्यांनी?”

“हाव. औरंगाबादला धाडतेत. का?”

“सकाळी त्याच्यावर बी बोटं ओढली म्या.”