न पेटवलेला माळ

देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघत व्यंकटरावांनी विडी शिलगावली, तोच मागून आवाज आले. ऊसतोडीहून परतलेल्या धुरपताबाईला गावाकडची सारजाबाई भेटली होती.

"सारजे, आपला हरणाचा माळ औंदाबी जळून काळा झाला असंल?"

"कशाचा काळा! काडीच लावू दिली न्हाई म्या."

"अगं, पेटवल्याबगर नवा कोंब फुटत न्हाई म्हनतेत!"

"दसऱ्याला तू गेलीस तवा छातीइतकं गवत हुतं. थंडीत आमी बायांनी कापून गंजी रचली."

"अन् आता चैतात?"

"हरणी पिलाला घिऊन नव्या कोंबावर हिंडायलीय."

"दरसाली माळ पेटवनारा आप्पाराव लय भांडला असंल?"

"लय! आता त्येचेच बैल गंजीला तोंड घालायलेत."

"हाकलले का न्हाई?"

"कशाला? म्हनलं, खावा बाबांनो, तुमचा मालक ह्येच जाळायला निघाला हुता!"