सरासरी माणसाची सीट

...आणि वर तोंड करून म्हणतो कसा, ‘ताई, सरासरीत तुमचंही माप धरलंय!’ धरलंय म्हणे! अहो, धरलंय तर बाईचा पाय ब्रेकला का पोचत नाही? थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल ही बया भांडायलाच उभी राहिली.

आमची वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, बस चालवते. मी त्याच डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसते. छत्र्या, डबे, एकदा तर कवळी आली... कवळी विसरून माणूस घरी जातोच कसा, आणि गेल्यावर बायकोला सांगतो कसा? असो. तर वहिनी. उंची देताना देवानं हात आखडता घेतला, आवाज देताना मात्र सैल सोडला. पण बस अशी वळवेल की उभ्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळायचा नाही! जुन्या बसमध्ये सीटखाली दांडा असायचा, तो ओढायचा, सीट पुढे सरकवायची, विषय संपला.

संपतोय कसला? डेपोत समता कक्ष निघाला ना! कक्ष म्हणजे जुने टायर ठेवायची खोली, रंग मारून. त्यात एक साहेब आले. बोलणं असं, की कुणी कानात कोमट तेल सोडतंय. सगळ्या ड्रायव्हरांना जमवून म्हणाले, ‘मित्रांनो...’ मग वहिनीकडे वळून, ‘आणि मैत्रिणींनो!’ अख्ख्या घोळक्यात बाई एक, आणि म्हणे मैत्रिणींनो! ‘नव्या बस येणार, अगदी सर्वसमावेशक. इथे कुणी मोठा नाही, कुणी छोटा नाही!’ अहो, छोटी आहे ना ती! डोळे फुटले का?

मग टेप घेऊन माणूस आला. सगळ्यांचे पाय मोजले, हात मोजले, कंबर मोजली. आमच्यात एक ताडमाड ड्रायव्हर आहे, दारातून आत येतो तो वाकून, नमस्काराला आल्यासारखा. दुसरा पोटोबा, त्याच्याआधी त्याचं पोट कामावर हजर. या सगळ्यांची बेरीज केली, भागाकार केला आणि त्यातून निघाला सरासरी माणूस! त्याच्या मापाची सीट बनवली आणि बोल्ट मारून जमिनीला ठोकून टाकली. का, तर ‘समानता! सगळ्यांना एकच सीट!’ कोण आहे हो हा सरासरी माणूस? राहतो कुठे? एकदा दाखवा की मला!

बस आल्या. ताडमाडचे गुडघे स्टिअरिंगला. पोटोबाचं पोट हॉर्नवर, वळण आलं की पोंऽऽ! स्टॉपवरची माणसं दचकून चार पावलं मागे. आणि वहिनी? टेकून बसली तर रस्ता दिसतो, ब्रेक नाही. घसरून बसली तर ब्रेक लागतो, रस्ता नाही. घ्या, निवडा! शेवटी मी माझ्या खिडकीतल्या दोन बेवारस उशा दिल्या. बाई पाठीशी उशा घेऊन बस हाकतेय आणि समता-साहेब खालून हात हलवतोय, ‘कशी वाटली?’

मग व्हायचं ते झालंच. शाळेजवळचा उतार. एक आजोबा रस्ता ओलांडत होते, सावकाश, आपल्या तंद्रीत. वहिनीनं ब्रेकवर पाय टाकला, उशी सटकली, पाय अर्ध्यात... तिनं अंग झोकून दिलं हो! स्टिअरिंगला लोंबकळून ब्रेकवर उभीच राहिली! बस थांबली तेव्हा आजोबांची काठी बंपरला टेकलेली. ते म्हणाले, ‘हळू गं पोरी,’ आणि गेले पुढे. त्यांना काय ठाऊक! वहिनी माझ्या खिडकीशी आली, आणि जिच्या आवाजाला आमचा दादा जन्मभर भ्यायला, तिनं हळूच दोन्ही उशा माझ्यापुढे ठेवल्या, ‘ठेव या,’ म्हणाली आणि बाकावर टेकली.

उठली ती थेट कक्षात. चावी टेबलावर ठेवली. ‘दांडा द्या, नाहीतर ही बस मी चालवणार नाही.’ तेव्हा बोलला तो समता-साहेब, मघाशी सांगितलं ते, सरासरीत तुमचंही माप! म्हणजे सरासरी माणसाच्या पोटात वहिनी आहे, आणि वहिनीच्या पोटात गोळा! बस काढून घेतली तिची. तिला यार्डात उभी केली, मागे येणाऱ्या बसना हात दाखवायला. आणि लगेच फोटोला बोलावलं! त्याच सीटवर उशांचा ढीग रचून बसवलं, ‘हसा ताई, हसा,’ म्हणून हसवलं आणि तो फोटो प्रत्येक बसच्या पाठीवर: ‘आमची बस, सर्वांची बस.’ गावभर वहिनी फिरतेय, पण बसच्या मागून! पुढं कोण बसणार? सरासरी माणूस! कोण आहे हो तो?

मग मोठ्या साहेबांची बैठक. वहिनीला बोलावलं, शोभेला. मी दारात पाण्याचा ट्रे घेऊन. समता-साहेब रंगात आलेला, ‘आमच्याकडे भेदभावाला थाराच...’ आणि बोलता बोलता हात खाली घालून त्यानं स्वतःची खुर्ची जरा वर केली. वहिनी उठली.

‘साहेब, हे काय केलंत?’

‘कुठे काय? खुर्ची वर घेतली.’

‘का?’

‘अहो, पाय अवघडतात माझे.’

‘असं होय!’ म्हणाली, वाकली आणि त्याच्या खुर्चीचा दांडा खेचला. फुस्स्स! साहेब खाली! टेबलावर नुसतं मुंडकं, मंडईत मांडलेल्या फ्लॉवरसारखं! ‘हं, करा आता तिथूनच टेबलावरच्या कागदांवर सही. सरासरीत तुमचंही माप धरलंय!’ मोठे साहेब असे हसले की चष्मा घसरून पाण्यात.

दांड्याच्या सीटला मोठ्या साहेबांची सही झाली. सीट सरकणार, वर-खाली होणार! किती बसमध्ये? एका! ‘प्रायोगिक तत्त्वावर.’ दारावर गुलाबी स्टिकर, ‘महिला-स्नेही’. वहिनी सकाळी केस चापूनचोपून बांधून, नवीन वहाणा घालून चढायला गेली, तर सीटवर ताडमाड! सीट पार मागे, तंगड्या पसरलेल्या, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर असं सुख...

‘उतर!’

‘वहिनी, आधी हे बघा,’ म्हणत त्यानं पँट वर केली. गुडघे काळेनिळे.

मोठ्या साहेबासमोर न डगमगलेली बाई, त्या गुडघ्यांसमोर विरघळली! ‘बरं, आजच्या दिवस ने.’ आजच्या दिवस! दुसऱ्या दिवशी पोटोबा. मग पाठदुखीवाला, मग मानदुखीवाला... बस महिला-स्नेही आणि आत एकामागून एक मिशा! समता-साहेबानं वर कळवलं, योजना यशस्वी, सगळ्यांचा समावेश झाला. झाला हो, खोटं कशाला बोलू? सगळे ऐसपैस बसून येतात, ऐसपैस बसून जातात. आणि वहिनी? ती यार्डात उभी राहून त्या बसला मागे घेते. ‘येऊ दे... येऊ दे... अजून येऊ दे... बस!’